मदत हवी आहे: माशाच्या कानातल्या खड्यात प्रोटीन नेमकं काय करतं?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतेय, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला विषय घेतलाय ओटोलिथ, म्हणजे माशाच्या आतल्या कानातले खडे. उजनीची चिलापी बाजारात मिळतेच, आणि मासळीवाल्या मावशी म्हणतात, "डोकी कशाला इकत घेतीस, फुकट ने की." त्यामुळे खड्यांना तोटा नाही.

अडलंय भलतीकडेच. सरांचं म्हणणं, खडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यात प्रोटीन जेमतेम काही टक्के, त्याचं काय घेऊन बसायचं? मला ते पटत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, पण तो बसेल तसा बसतो, ओबडधोबड. चिलापीचा खडा मात्र दर माशात तसाच: लंबगोल, एका अंगाला खाच, कडा किंचित दातेरी. डावा-उजवा शेजारी ठेवले की आरशात बघितल्यासारखे.

परवा एक खडा काचेच्या बशीत व्हिनेगरमध्ये टाकून झोपले. सकाळी खडा विरघळला होता, पण त्याच जागी त्याच आकाराची, दुधावरच्या सायीहून पातळ अशी पिशवी उरली होती. सुईने हात लावला तर डुलली, आणि दुसऱ्या वेळी फाटली. हाच प्रोटीनचा सांगाडा ना?

दुसरं म्हणजे, एका चिलापीचा डावा खडा नेहमीसारखा पांढरा निघाला आणि उजवा काचेसारखा आरपार, खडबडीत. मासा एक, पाणी एक, खाणं एक! झेब्राफिशमध्ये स्टारमेकर नावाचं प्रोटीन कमी केलं की खडा चांदणीसारखा होतो, असं 2003 सालचं संशोधन वाचलंय. इथेही तसंच काही बिघडलं असेल का? फोटो नीट आले नाहीत, मोबाइल भिंगाला लावून काढलेत. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

भीमाकाठ:
ताई, पिशवीचं बरोबर ओळखलंत. तिच्यात मुख्यतः ओटोलिन-1 असतं, कोलॅजेनच्या घराण्यातलं. त्याची जाळी आधी पसरते आणि स्फटिक तिच्यात बसतात. ओएमपी-1 नावाचं दुसरं प्रोटीन नसेल तर ओटोलिन नीट बसतच नाही. रोज एक प्रोटीनचा पातळ थर आणि एक कॅल्शियमचा जाड थर चढतो, म्हणून घासलेल्या खड्यात दिवसादिवसाची वर्तुळं मोजता येतात.

काचेसारखा खडा बहुधा व्हॅटेराइट आहे. नेहमीचा असतो अ‍ॅरागोनाइट. रासायनिक सूत्र तेच, कणांची रचना वेगळी. पण लगेच स्टारमेकरवर आळ घेऊ नका. त्या प्रयोगात ते प्रोटीन फारच कमी केल्यावर कॅल्साइट हा तिसराच स्फटिक-प्रकार झाला होता, व्हॅटेराइट नाही. हॅचरीत वाढलेल्या सामन-ट्राउटमध्ये असे खडे बरेच दिसतात, आणि कित्येकदा एकाच बाजूला.

सरांना पटवायचं असेल तर रोहूचं डोकं उघडा. त्याच्या एकाच कानात लॅपिलस हा खडा अ‍ॅरागोनाइटचा आणि अ‍ॅस्टेरिस्कस व्हॅटेराइटचा, तेही निरोगी माशात. मासा तोच, पाणी तेच. मग कुठला स्फटिक होणार हे खडा जिथे वाढतो त्या कानातल्या कप्प्याच्या पेशी आणि त्यांची प्रोटीनंच ठरवत असणार, नाही का? सॅजिटा हा तिसरा खडा मात्र जपून काढा, रोहूत तो सुईसारखा बारीक असतो, हातात तुटतो.

व्हिनेगर सोडा. बुडबुड्यांनी जाळी फाटते. पीएच 8 च्या ईडीटीएत (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) दोन-तीन दिवस ठेवा, मग कुमासी ब्लू या प्रोटीनला चढणाऱ्या रंगाने रंगवा. आणि ते ईडीटीएचं द्रावण फेकू नका हां, ओएमपी-1 सारखी विरघळणारी प्रोटीनं त्यातच उतरतात. काचेसारख्या खड्याची खात्री एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) होईल, भौतिकशास्त्रवाल्यांना विचारा.

चटणीभाकरी:
इतकी वर्षं कालवणात दाताखाली आलं की खडा म्हणून थुंकत होतो. मोठे खडे हवे असतील तर समुद्राचा ढोमा घ्या, त्याच्या डोक्यात चांगले ठसठशीत निघतात.

धागाकर्ती:
धन्यवाद भीमाकाठ दादा! ईडीटीए लॅबमध्ये आहे. काचेचा खडा एकच आहे, तो आधी एक्सआरडीला देते, विरघळवायचं नंतर. उद्या सकाळी मावशींकडे रोहूची डोकी सांगून ठेवते. ती फुकट मिळतील असं वाटत नाही, रोहूच्या डोक्याला गिऱ्हाईक आहे.