नाट्यमहोत्सवातील खाद्यपदार्थांचे स्टॉल : भाडे, दर आणि पदार्थ कसे ठरवावेत?

प्रश्न : रेशीमबागचा रहिवासी

नमस्कार. आमचे सांस्कृतिक मंडळ येत्या हिवाळ्यात नागपुरात उघड्या मैदानावर तीन रात्रींचा नाट्यमहोत्सव घेणार असून खाद्यपदार्थांच्या स्टॉलची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. रोज सुमारे ५०० प्रेक्षक अपेक्षित आहेत आणि मध्यंतर १५ मिनिटांचे असेल. सर्वाधिक भाडे देणाऱ्या विक्रेत्याला जागा द्यावी, म्हणजे मंडपाचा खर्च भरून निघेल, असे कार्यकारिणीतील काही सदस्यांचे मत आहे. मला मात्र ते भाडे अखेर प्रेक्षकाच्याच खिशातून वसूल होईल अशी काळजी वाटते. शिवाय कोणी घरून डबा आणला तर त्याला अडवावे का, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : केटरिंग व्यावसायिक, महाल

आपली काळजी रास्त आहे. विक्रेत्याची खरी कमाई रोज त्या १५ मिनिटांतच होते, त्यामुळे भाडे जड असले की तो एकतर दर वाढवतो किंवा मालाला कात्री लावतो, आणि कात्री लागते ती सहसा तेलाला. तेच तेल दुसऱ्या रात्री पुन्हा तापते. म्हणून भाडे नाममात्र ठेवा, पदार्थांचे दर आणि प्लेटमधील प्रमाण आधीच लेखी ठरवून घ्या आणि दरफलक प्रवेशद्वारापाशी लावा.

दरापेक्षाही मोठा प्रश्न वेळेचा आहे. एका प्लेटला २० सेकंद लागतात असे धरले, तर १५ मिनिटांत एका खिडकीवरून फक्त ४५ जणांना खायला मिळते. पैसे आणि सुट्टे त्याच खिडकीवर मोजले, तर तेवढेही होत नाही. त्यामुळे नाटक सुरू होण्यापूर्वीच कूपन विकावे, किमान चार खिडक्या ठेवाव्यात आणि चहाची खिडकी पूर्णपणे वेगळी करावी, कारण थंडीत सगळी गर्दी तिथेच होते. पदार्थ मोजकेच असावेत. आलूबोंडा हातात धरून खाता येतो. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचे सारण भरून तळलेली वडी, सगळ्यांना आवडते, परंतु ती कढईतून निघाल्याबरोबर खाण्यात मजा आहे आणि मध्यंतरात तेवढ्या घाण्यांना वेळ नसतो. ती प्रयोगापूर्वीच्या अर्ध्या तासात विकावी. तर्री-पोहे झटपट वाढता येतात, मात्र त्यासाठी उभ्याने खाण्याची टेबले लावा आणि प्लेट खुर्च्यांपर्यंत जाऊ देऊ नका, अन्यथा शेजाऱ्याच्या शालीवर तर्रीचे डाग पडतील.

प्रतिसाद : ग्राहक चळवळीतील कार्यकर्ता

डब्याच्या प्रश्नावर मत मांडतो. जुलै २०१८ मध्ये नागपुरातच झालेल्या पावसाळी अधिवेशनात तत्कालीन राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास बंदी नसल्याचे सांगितले होते. पुढे ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी मनाई करण्याचा चित्रपटगृहचालकांचा अधिकार मान्य केला. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत उपलब्ध असावे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेले अन्न अडवू नये, हेही त्याच वेळी नमूद केले. तो निकाल चित्रपटगृहांविषयीचा होता. आपला महोत्सव तर वस्तीचा आहे, तेव्हा मधुमेही आजोबांचा डबा दारावर काढून घेणे मला कोणत्याही अंगाने योग्य वाटत नाही. पाण्याचे पिंप मात्र स्टॉलपासून दूर ठेवा, म्हणजे पाण्यासाठी खाण्याच्या रांगेत उभे राहावे लागणार नाही.

विक्रेत्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची १४ अंकी नोंदणी आहे का, हे पाहा. घरगुती वापराचे सिलिंडर स्टॉलवर चालत नाही, व्यावसायिकच हवे. भजी-बोंडे वर्तमानपत्राच्या कागदात देण्यास मनाई आहे, कारण छपाईची शाई तेलासोबत पोटात जाते. पळसाचे द्रोण घेतल्यास हा प्रश्नच उरणार नाही.

प्रतिसाद : झाडीपट्टीचा जुना प्रेक्षक

मी मूळचा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातला. आमच्याकडे झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकप्रिय नाटकांचे, प्रयोग रात्रभर चालतात, आणि मंडपाबाहेरच्या चहा-भजीच्या दुकानांशिवाय त्या रात्रीची कल्पनाच करता येत नाही. ही दुकाने बहुधा गावातल्याच माणसांची असल्याने महाग किंवा शिळे विकून दुसऱ्या दिवशी तोंड दाखवणे त्यांना कठीण जाते. आपणही वस्तीतल्या महिला बचत गटांना विचारून पाहावे.

आणखी एक विनंती. स्टॉल रंगमंचाच्या बाजूला न लावता प्रेक्षकांच्या पाठीमागे, काही अंतरावर लावावेत. झाऱ्याचा खणखणाट आणि फोडणीचा वास पुढच्या रांगेपर्यंत आला की हळव्या प्रवेशाचा रसभंग होतो; नटांनी इतकी मेहनत घेतलेली असताना हे सहन होत नाही. तिसरी घंटा झाल्यावर विक्री पूर्ण बंद ठेवावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाममात्र भाडे, लेखी दर आणि आगाऊ कूपन हा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. मंडपाच्या खर्चासाठी स्मरणिकेच्या जाहिराती वाढवता येतील. न वापरलेल्या कूपनांचे काय करावे, एवढी एक शंका उरते.

प्रतिसाद : केटरिंग व्यावसायिक, महाल

कूपन तिन्ही रात्री चालेल असे त्यावर छापा आणि शेवटच्या रात्री प्रयोग संपल्यावर उरलेल्या कूपनांचे पैसे परत करा. त्यासाठी तिकीटखिडकीवर दोन माणसे आणि पुरेसे सुट्टे पैसे ठेवावे लागतील.