भांडण डिलीट केलं, करंट कसा डिलीट करणार? (नानांच्या नव्या नियमांना उत्तर)

तांब्याची तार (अमळनेर)

आपल्या हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अॅडमिन नानांनी परवा नियम टाकले. ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रुप फक्त सर्किटसाठी. लाईटचं टाइमटेबल, केळीचा भाव, गुड मॉर्निंग बंद. वाद झाला तर चूक कोणाची ते न बघता दोघंही बाहेर. वादाचे मेसेज अॅडमिन उडवणार. त्याखाली पटापट अंगठे पडले. बाहेर काढलेल्या दोघांतला एक मी, तिथे बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहितोय, लांबलं तर वाचू नका.

वाद कशावरून झाला ते आधी. यावलकडच्या एका पोराने मोटरच्या ऑटो स्विचचं सर्किट टाकलं. मोबाईलवरून मोटर चालू-बंद, खर्च अडीचशे रुपये, ट्रान्सफॉर्मर नाही. सप्लाय कसा काढला तर ४७४ चा (म्हणजे ०.४७ मायक्रोफॅरडचा) कॅपॅसिटर, ४०० व्होल्टचा, पुढे एसीचा डीसी करणारा ब्रिज, व्होल्टेज धरून ठेवणारा झेनर, झालं. आणि हे लावलं कुठे, तर थेट दोन फेजच्या मध्ये, कारण शेतात न्यूट्रल येतच नाही. आता दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट, त्याचा पीक ५८५ च्या वर जातो, आणि कॅपॅसिटरवर छापलेले ४०० ते डीसीचे. वरून सर्किटच्या ग्राउंडचा (मायनसचा) टॅग पत्र्याच्या डब्याला बोल्ट केलेला, का तर म्हणे 'अर्थिंग मिळतं'.

मी साध्या भाषेत लिहिलं की भाऊ, हे कोणी बनवू नका, यात आयसोलेशन नाही, म्हणजे सर्किट लाईनपासून वेगळं केलेलं नाही. तो म्हणे सहा महिने चालू राह्यलं, पुस्तकी लोकांनी शेतात येऊन दाखवा. मग माझंही डोकं सटकलं, 'अर्धवट' म्हणालो, मान्य. साठेक मेसेज झाले. रात्री अकराला नानांनी सगळं उडवलं आणि दोघांना काढलं.

आता खरी गोष्ट. चौथ्या दिवशी माझा मावसभाऊ पारोळ्याहून एक डबा घेऊन आला, 'दादा, याच्यात मोबाईलचा कॉल लागत नाही, बघ ना.' उघडून बघतो तर तेच सर्किट. त्याला कोणीतरी फोटो फॉरवर्ड केला होता. फोटो आला, माझी साठ मेसेजची आरडाओरड नाही आली, ती तर डिलीट झाली ना. डबा वर्कशॉपच्या थ्री फेजवर जोडला, झाकणाच्या स्क्रूला टेस्टर टेकवला आणि त्यातला निऑन दिवा दुपारच्या उजेडात लख्ख पेटला. हा पोरगा रात्रीच्या पाळीला चिखलात जाऊन त्याच झाकणावर हात ठेवून रीसेट मारायचा. वाचला तो फक्त गमबूट घेतले होते म्हणून.

नाना, तुम्ही भांडण मिटवलं. डब्यातला करंट तसाच राह्यला.

भुसावळी फ्यूज

हाव, लय भारी लिहिलं. पण तू 'अर्धवट' म्हणाला त्याच्या आधी 'तुमच्याकडच्या पोरांना कॅपॅसिटर आणि केळ यातला फरक कळत नाही' असं पण म्हणाला होता, ते सोयीस्कर विसरला. यावल-रावेरवाल्यांना ते लागणार नाही का? माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे.

तांब्याची तार

म्हणालो असेन. स्क्रीनशॉट आहे तर सर्किटखालच्या माझ्या वॉर्निंगचा पण असेल, तो टाक ना ग्रुपवर. तो कोणी ठेवत नाही.

नाना (अॅडमिन)

मला इथे ओढलंय म्हणून एकदाच लिहितो. रेल्वेत सिग्नलमध्ये अख्खी नोकरी केली मी, आयसोलेशन म्हणजे काय ते मला शिकवू नये. त्या रात्री काय झालं ते तार साहेबांनी अर्धंच सांगितलं. साडेदहाला त्या मुलाच्या काकांचा मला फोन, तुमच्या ग्रुपवर आमच्या पोराची इज्जत काढू राह्यले, उद्या भुसावळला येतो. मी बीपीची गोळी घेऊन झोपलेला माणूस. ग्रुपवर पावणेचारशे लोक, मला त्याचा पगार नाही. कोण बरोबर कोण चूक याचा निवाडा रात्री अकराला करत बसू का? उद्या काही झालं तर पोलीस अॅडमिनला धरतात. म्हणून दोघं बाहेर. सोपं आणि सगळ्यांना सारखं.

धुळेकर वकील नाही पण

नाना, हे 'अॅडमिनला धरतात' प्रकरण जरा थांबवा. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की मेंबरने काही वाईट टाकलं म्हणून निव्वळ अॅडमिन आहे एवढ्यावरून तो गुन्हेगार होत नाही, आधीपासून दोघांचं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. केस गोंदियाकडची होती. कोर्टाने हेही म्हटलं की अॅडमिनच्या हातात मुळात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी उडवायची सोय व्हॉट्सअॅपने त्यानंतर, २०२२ मध्ये दिली. आणि ती मिळाल्यापासून तुमचा हात थांबलेला नाही. माझा दिवाळीला पीसीबीवर बनवलेला आकाशकंदील पण उडवला होता, आठवतंय? तो ऑफटॉपिक कसा? त्यात ५५५ टायमरची आयसी होती!

नाना (अॅडमिन)

कंदिलाखाली तुम्ही कंदील विकायची किंमत लिहिली होती. ते सांगा की.

धुळेकर वकील नाही पण

पोस्टेज सकट लिहिली होती. बरं.

सोल्डरताई (पिंप्राळा)

मी नानांच्या बाजूने आहे, थोडी. गुड मॉर्निंग बंद केलं ते शंभर टक्के बरोबर. मी दुकान बंद करून रात्री नऊला ग्रुप उघडते तर वर दीडशे मेसेज, त्यात सूर्य, फुलं, कोणाच्या तरी मेव्हण्याचा वाढदिवस, आणि मधेच माझ्या कामाचं 'इन्व्हर्टरचा मॉस्फेट परत परत का जातो' दबलेलं. पण लाईटचं टाइमटेबल ऑफटॉपिक कसं ते मला समजावा. आमच्याकडे एक आठवडा दिवसा थ्री फेज, एक आठवडा रात्री. माझ्याकडे जी मोटर जळून येते ती बहुतेक वेळा एक फेज गेल्यावर दोनवर गुणगुणत बसल्यामुळे जळलेली असते. लाईट कधी येते आणि कशी येते हाच तर आमचा विषय आहे, सर्किट त्याच्यानंतर. ज्याला एसी रूममध्ये बसून एलईडी ब्लिंक करायचे त्याला तो ऑफटॉपिक वाटणार.

बीसी ५४७

'एलईडी ब्लिंक' म्हणून आम्हा आर्डुइनो बोर्डवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना टोमणा मारायची गरज नव्हती ताई. आम्ही काही विचारलं की उत्तर ठरलेलं, 'आधी रेडिओ बनवा'. मी बीसीएचा मुलगा, मला रेडिओ बनवायचा नाही. तुमच्या पिढीने जळगाव आकाशवाणी ९६३ वर लावून ऐकली म्हणून आम्ही पण स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर फिरवत बसायचं का? ऑफटॉपिक म्हणजे जे म्हाताऱ्यांना येत नाही ते, एवढीच व्याख्या दिसते मला तरी.

सोल्डरताई (पिंप्राळा)

म्हातारी कोणाला म्हणतो रे. एकतीसची आहे मी.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मला वेगळंच बोलायचंय. नियमात चौथा मुद्दा पण होता, तारभाऊंनी तो गाळला. 'प्रश्न शुद्ध मराठीत किंवा इंग्रजीत लिहावा, व्हॉइस मेसेज नको.' हा कोणावर रोख आहे ते सगळ्यांना माहितीये. माझ्या वडिलांनी व्हॉइस टाकला होता, 'भाऊ, मनी मोटर जळी गयी, आते काय करू?' एवढं साधं. त्याच्यावर तीन जणांनी हसायचे इमोजी टाकले आणि नानांनी मेसेज उडवला. वडील आता ग्रुप उघडत नाहीत. अहिराणी बोललं की ऑफटॉपिक का?

भुसावळी फ्यूज

हसण्याचं कारण अहिराणी नव्हतं भो, मागे बकरी ओरडत होती.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

बकरी होती तर? शेतात बकरी नसणार तर काय एको डॉट असणार? आणि तुमच्याकडचे 'मले समजू नाही राह्यलं' लिहितात तेव्हा नाना गप. लेवा बोली चालते, अहिराणी नाही. सरळ सांगा ना.

नाना (अॅडमिन)

हा आरोप मी सहन करणार नाही. मला अहिराणी कळते, माझी सासुरवाडी साक्रीची आहे. व्हॉइस मेसेज बंद केला कारण तो शोधता येत नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्याची मोटर जळाली तर त्याला तो सापडणार कसा? लिहिलेलं असेल तर 'मोटर' टाकून सापडतं. यात भाषेचा संबंध नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मग 'शुद्ध' हा शब्द कशाला घातला? विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं तेव्हा आपण सगळे नाचलो, त्या काय शुद्ध मराठीत बोलत होत्या? भाषण करायचं तर बोली, मोटर जळाली की शुद्ध. वडील चौथी शिकलेले. त्यांनी 'सिंगल फेजिंग' (एक फेज जाणं) लिहून दाखवलं असतं तर ते ग्रुपवर कशाला आले असते.

बीसी ५४७

हे मात्र बरोबर बोलले. माझी आजी पण अहिराणीच बोलते, मी शाळेत बोललो की बाई हात पुढे करायला लावायच्या. आता पन्नास शब्द येत असतील मला.

धुळेकर वकील नाही पण

आमच्याकडे धुळ्याला उलट आहे, अहिराणी आली नाही तर रिक्षावाला दहा रुपये जास्त घेतो. आणि जळगावच्या लोकांनी खान्देश म्हणजे फक्त जळगाव असं धरून चालणं बंद करावं. कधी मीटिंग ठेवली तर ती जळगावलाच. धुळ्याचा माणूस तीन तास एसटीत.

भुसावळी फ्यूज

झालं, आता जिल्ह्यांचं भांडण. धुळ्याला मीटिंग ठेवली होती, तुम्ही किती जण आले? चार. त्यातले दोन शेवभाजी खायला.

धुळेकर वकील नाही पण

शेवभाजी हे धुळ्याला मीटिंग ठेवायचं पुरेसं कारण आहे.

तांब्याची तार (अमळनेर)

अरे मी काय लिहिलं आणि तुम्ही कुठे पोचले. मला सांगा, ज्याने तो फोटो पुढे पाठवला त्या प्रत्येकापर्यंत आता कसं पोचायचं? ग्रुपवरून उडवला तरी ज्याने आधी गॅलरीत घेतला किंवा पुढे ढकलला त्याच्याकडे तो आहेच. मी असतो तर सर्किट उडवलं असतं आणि वाद ठेवला असता. नानांनी दोन्ही उडवले, आणि त्या आधीच सर्किट बाहेर पडलं होतं.

फेज टू फेज (यावल)

मीच तो. दोन दिवस वाचतोय, बोलायचं नव्हतं. आधी सांगतो, काकांना फोन मी करायला लावला नाही. दुसरं, सगळे असं लिहू राह्यले जणू मी कोणाला मारायला निघालो होतो. बाजारात ऑटो स्विच दीड-दोन हजाराचा, आमच्या गल्लीत चौदा जणांना अडीचशेत बनवून दिला. त्यातले दोन जळाले, हे खरं. कॅपॅसिटर फुगून फुटला. मी विचार केला की माल डुप्लिकेट. एक्स-टू चा, म्हणजे थेट एसी लाईनवर लावायचा कॅपॅसिटर टाकला असता तर चाललं असतं का?

तांब्याची तार (अमळनेर)

नाही ना भाऊ. आपल्याकडे मिळतो तो एक्स-टू २७५ किंवा ३०५ एसीचा, तो फेज-न्यूट्रलच्या २३० साठी. दोन फेजवर तोही मरणार, फक्त सावकाश. आणि कॅपॅसिटर कितीही भारी टाकला तरी डबा जिवंत राहतोच. ४४० प्रायमरीचा छोटा ट्रान्सफॉर्मर टाक, सेकंडरीला बारा व्होल्ट, बाराशे रुपये नाही लागत त्याला. ग्राउंडचा टॅग डब्यावरून काढ आणि डब्याला वेगळं खरं अर्थिंग दे. ते चौदा डबे परत आण, मी ट्रान्सफॉर्मर घाऊकमध्ये मिळतो का बघतो. आणि 'अर्धवट' मागे घेतो. केळाचं वाक्य मागे घेत नाही, ते विनोदी होतं.

फेज टू फेज (यावल)

विनोद तुम्हालाच वाटला. बारा परत आणले आजच. दोन जणांनी दिले नाहीत, म्हणे चालू आहे तर कशाला हात लावतो.

सोल्डरताई (पिंप्राळा)

त्या दोघांची नावं मला मेसेज कर. एक तर माझंच गिऱ्हाईक असेल.

नाना (अॅडमिन)

ठीक आहे. एवढे शहाणे झाले आहात सगळे तर ऐका. सर्किट आणि वाद दोन्ही उडवले ती घाई झाली. 'शुद्ध' शब्द काढतो. पुढच्या वेळी वाद ठेवतो, अपशब्द तेवढे उडवतो, आणि रात्री अकराला जागं राहायची जबाबदारी तार साहेबांची, त्यांना अॅडमिन करतो. बघू किती दिवस टिकतात. दोघांना परत घेतलंय. गुड मॉर्निंग मात्र बंदच. फोटोबद्दलची वॉर्निंग वर पिन करायची आहे, कोणीतरी चार ओळी लिहून द्या.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

वडिलांना फोन करून लिहून घेतली, घ्या: 'भाऊसहोन, हाई सर्किट दोन फेजवर लावू नका. डबाले हात लावा ते करंट लागस, माणूस मरी जास.' शुद्धलेखन तपासायचं असेल तर तपासा.

नाना (अॅडमिन)

पिन केलं. बकरी नव्हती का आज?

तांब्याची तार (अमळनेर)

फेज आणि अर्थिंगच्या मध्ये पण लावू नका हे राह्यलं त्याच्यात. निम्मे लोक तेच करतील बघा. परत फोन लावा बाबांना.