मदत हवी आहे: पिचू पोपट नीट कुठे बघायला मिळेल?

नमस्कार मंडळी. परवा गोव्यात बोंडला अभयारण्यात फुललेल्या पांगाऱ्यावर चिमणीएवढा हिरवागार पक्षी दिसला. फांदीला उलटा लटकून फुलातला मध पीत होता. चोच लाल, शेपटी अगदी आखूड. उडाला तेव्हा पाठीमागचा लाल पट्टा झळकला आणि जीव हरखला! पिचू पोपटच तो, जेमतेम १४ सेंमीचा. झोपतोही म्हणे वटवाघळासारखा उलटाच. पण नराच्या गळ्यावरचा निळा ठिपका काही बघायला मिळाला नाही, पानांत हा पक्षी पुरता मिसळून जातो.

आईला, वय ७०, तो दाखवायचाच आहे. फार चढ नको. गोव्यातलंच मोले अभयारण्य बरं की खोतीगाव? सकाळी किती वाजता? आणि त्याची चिकचिक कशी ओळखायची, कोणी सांगेल का?