बर्च आणि भूर्ज एकच शब्द आहे का?

रानवाट: गोमुखला जाताना भोजबासाला मुक्काम केला, गाइड म्हणाला इथे भोजपत्राची झाडं म्हणून हे नाव. घरी येऊन बघितलं तर भोजपत्र म्हणजेच भूर्ज, आणि भूर्ज म्हणजे हिमालयातला बर्चच! बर्च, भूर्ज, ऐकायलाही किती जवळचे. इंग्रजांनी संस्कृतातून उचलला का? आणि डिक्शनरीत बर्चपुढे *बेर्को असं चांदणी लावून दिलंय, ती कशाला?

अक्षरवेध: उचललेला नाही, दोघं भावंडं आहेत. चांदणी म्हणजे तो शब्द कुठेच लिहिलेला सापडलेला नाही, नंतरच्या भाषा एकमेकींशी ताडून मागे मागे जात काढलाय. *बेर्को हा आदिजर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच वगैरेंच्या पूर्वज भाषेतला, त्याच्यापासून डच बेर्क, स्वीडिश आणि आइसलँडिक ब्यर्क (ती आइसलँडची गायिका ब्यर्क, तिच्या नावाचा अर्थ हेच झाड), आणि त्यालाच प्रत्यय लागून झालेल्या *बिर्कियो रूपापासून इंग्रजी बर्च, जर्मन बिर्कं. त्याच्याही मागे इंडो-युरोपियन मूळ, तिथूनच लिथुएनियन बेर्झास, रशियन बिर्योझा आणि आपला भूर्ज. उसना घेतला असता तर ध्वनी इतके शिस्तीत बदलले नसते. आपल्याकडे भ तिथे त्यांच्याकडे ब, भ्राता-ब्रदर. आपल्याकडे ज तिथे त्यांच्याकडे क, जानु आणि जर्मन क्नी म्हणजे गुडघा. हाच हिशोब भूर्जला लावा, बेर्क समोर उभा राहतो. इंग्रजीत त्या क चा च नंतर झालाय.

रानवाट: वा, जानु-क्नी मला माहीतच नव्हतं! पण भूर्जमधला दीर्घ ऊ कुठून आला मग?

अक्षरवेध: मुळात र च्या नंतर एक घशातला ध्वनी होता, तो संस्कृतात गळून पडला आणि ओठांच्या व्यंजनानंतर ऊर् झालं. पूर्ण आणि इंग्रजी फुल बघा, तिथेही तेच झालंय.

सावली_२२: मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट लॅटिनची. तिथे फ्रॅक्सिनस हा बहुधा याच मुळाचा शब्द, पण अर्थ अॅश, वेगळंच झाड! इटलीत बर्च कमी, त्यामुळे नाव दुसऱ्या झाडाकडे गेलं असं मानतात. मग बर्चला नाव हवं तर रोमन लोकांनी गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) लोकांचा बेटुला घेतला, आणि आज आपल्या भूर्जाचं शास्त्रीय नाव बेटुला युटिलिस, म्हणजे उपयोगी बेटुला. मूळ अर्थ बहुतेक चमकणारं, पांढरं, संस्कृत भ्राज् आणि इंग्रजी ब्राइट त्याच घरातले. ती पांढरी साल एकदा बघितली की पटतंच.

अक्षरवेध: आणि त्याच सालीवर लिहिलेली गणिताची जुनी बखशाली पोथी, पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडली, आता ऑक्सफर्डला आहे, शून्यासाठी ठिपका आहे तिच्यात. रशियात नोव्हगोरोडला १९५१ पासून बर्चच्या सालीवरची पत्रं निघतायत. झाड बर्चच, नावही मुळात तेच आणि दोन्हीकडे लिहायला सालच घेतली.

रानवाट: भोजबासाला परत जाईन तेव्हा आता प्रत्येक झाडाजवळ थांबणार आहे मी.