पटलात पाणी 'मुरतं', 'जिरतं' की 'शोषलं जातं'?

नवीपेठकर: एमएस्सीच्या पोरांसाठी इंधन घटावर (फ्युएल सेल, इंधनापासून थेट वीज करणारा घट) मराठीत नोट्स लिहितोय. त्यातलं नॅफिऑन नावाच्या प्लॅस्टिकचं पटल, म्हणजे पातळ पडदा, आधी पाणी नाहीतर मिथेनॉल स्वतःत घेतं, फुगतं, मग ते आतल्या आत एका बाजूनं दुसरीकडं सरकतं. मी लिहिलं 'विद्रावक (म्हणजे ते पाणी किंवा मिथेनॉल) पटलात मुरतो', तर आमचे सर म्हणाले मुरतं ते लोणचं, 'अवशोषण' लिही. आता दोन्ही क्रियांना काय शब्द घेऊ?

शुद्धमती: 'अवशोषण' हिंदी पुस्तकांतलं. मराठीत नुसतं 'शोषण' पुरतं, पुढच्या सरकण्याच्या क्रियेला 'विसरण' (डिफ्यूजन). शब्द आहेत, वापरायची लाज वाटते एवढंच.

साखरपेठ_मावशी: शोषण म्हटलं की मला गिरणी कामगारांचा मोर्चा दिसतो बाई. जमिनीत पाणी जिरतं ना, मग 'जिरणे' घ्या की. संस्कृत 'जीर्यति'वरनं आलंय, म्हणजे पचणं.

नवीपेठकर: मावशी, जिरलं म्हणजे दिसेनासं झालं. इथं पाणी टिकायला पाहिजे. पटलाचा सांगाडा टेफ्लॉनसारखा, त्याला पाणी नकोच असतं, पण त्याला लोंबणारे सल्फॉनिक आम्लाचे गट पाणी धरून ठेवतात आणि ते असेल तरच प्रोटॉन नीट पुढं जातो, कोरडं पडलं की खेळ खलास. त्यात संपृक्त वाफेत ठेवलं तर एका गटामागं पाण्याचे साधारण १४ रेणू घेतं, द्रव पाण्यात बुडवलं तर २२. तापमान तेच, हिशेबानं दोन्ही सारखं यायला पाहिजे. श्रोडर नावाच्या संशोधकानं १९०३ मध्ये जिलेटिनमध्ये हेच बघितलेलं. मग वाफ मुरते म्हणू की शोषली जाते?

बाळीवेसकर: आणि पुढचं सगळं 'विसरण' नाही हो. प्रोटॉन ॲनोडकडनं कॅथोडकडं जाताना पाण्याला बरोबर ओढत नेतो, ती फरफट. कॅथोडला पाणी जास्त झालं की उलटं माघारी येतं ते खरं विसरण. मिथेनॉल तर दोन्ही वाटांनी पलीकडं जातं, तिथं फुकट जळतं आणि व्होल्टेज पाडतं. त्याला मी 'घुसखोरी' म्हणेन.

शुद्धमती: नोट्स आहेत का बातमी? आणि 'खोरी' फारसी.

बाळीवेसकर: मग 'पडदा'पण फारसी, घरातले काढून टाकता का?

साखरपेठ_मावशी: भांडू नका. आमचे सासरे रंगाऱ्याकडं होते, ते म्हणायचे 'सूत रंग पितं'. कमी पिलं की चादरीवर पट्टे दिसायचे. पटल पाणी पितं म्हणा, संपलं.

पाच्छापेठी: मावशी, सूत रंग 'धरतं'. पितं ती खळ. आमच्यात तीन पिढ्या माग होते.

साखरपेठ_मावशी: खळ लावतात रे, पितं कुठनं?

नवीपेठकर: अहो मला उद्या नोट्स द्यायच्यात, मुरणे ठेवू की नको?

पाच्छापेठी: ठेव की. मावशी, तुमच्याकडं खळ कशाची करायचे, मैद्याची का चिंचोक्याची?