रॉड 1500 वॅटचा, हिशोबात येताय 1081. दुकानदाराने गंडवलं का?

केळीवाला_रावेर
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात पाणी तापवायचा रॉड घेतला, त्यावर 230 व्होल्ट 1500 वॅट छापलेलंय. आमचं घर मळ्यात, पोलवरून घरापर्यंत दीडशे मीटर ॲल्युमिनियमची वायर ओढलेली. सध्या थंडी कशी पडलीय ते सांगायला नको, 20 लिटरची बादली तापायला पन्नास मिनिटं लागता, तोवर बाथरूमबाहेर रांग. म्हणून मित्राचा क्लॅम्प मीटर (वायर चिमट्यात धरून करंट मोजायचा) आणला. पहिले दोन्ही वायरी एकत्रच चिमट्यात धरल्या तर शून्य दाखवलं (हसू नका), मग मेन बंद करून एक्स्टेन्शनची वरची रबरी खोळ सोलली, फेजची वायर एकटी धरली तेव्हा 5.1 अँपिअर आला. सॉकेटला व्होल्टेज 212. गुणले तर 1081 वॅट. आणि 212 भागिले 5.1 केलं की रेझिस्टन्स येतो 41.6 ओहम, पण 230 चा वर्ग भागिले 1500 केलं तर 35.3 यायला पाहिजे ना? माले तर वाटतं हजारचा रॉड 1500 चा म्हणून गळ्यात मारला. परत करू का?

मास्तरीण_भुसावळ
थांबा भाऊ, भांडायला जायच्या आधी एक सांगा, ते 212 मोजलं तेव्हा रॉड चालू होता का सॉकेट रिकामं होतं? कारण सूत्रात जो व्होल्टेज घालायचा तो रॉडच्या दोन टोकांवरचा, आणि तोही करंट वाहत असतानाचा. आमची दहावीची पोरं हमखास इथेच चुकतात, एक आकडा एका वेळचा आणि दुसरा दुसऱ्याच वेळचा घेऊन भागाकार करतात आणि मग म्हणतात ओहमचा नियम चुकला. बिचाऱ्या ओहमने 1827 साली तो मांडला, त्यात असली गल्लत नव्हती 🙂
अजून एक करा. रॉड प्लगमधून काढून पूर्ण गार झाला की मल्टिमीटरने पिनांमधला रेझिस्टन्स बघा.

केळीवाला_रावेर
ताई, रिकाम्या सॉकेटलाच मोजलं होतं. आत्ता रॉड बादलीत चालू ठेवून एक्स्टेन्शनच्या शेजारच्या होलमध्ये मोजलं, 180!! करंट तोच 5.1. आणि गार रॉड 34.6 ओहम दाखवतोय.

मास्तरीण_भुसावळ
मग रॉड खरा आहे. 180 भागिले 5.1 म्हणजे 35.3 ओहम, बरोब्बर 1500 वॅटच्या रॉडला पाहिजे तेवढा. गार असताना 34.6, गरम झाल्यावर किंचित जास्त, नायक्रोमचं (रॉडमधल्या तापणाऱ्या तारेचा धातू) असंच असतं. (जुन्या 100 वॅटच्या पिवळ्या बल्बवर हा प्रयोग करू नका, तो गार असताना 40 ओहमच्या आसपास आणि पेटल्यावर 529, डोकं फिरेल.)
आता पॉवर, 180 गुणिले 5.1 म्हणजे 918 वॅट. कॉइलचा रेझिस्टन्स तोच राहतो, त्यामुळे व्होल्टेज कमी झाला की करंटही कमी होतो आणि पॉवरला दोन्हीकडून मार बसतो. व्होल्टेज 22 टक्के कमी, पॉवर 39 टक्के कमी. 20 लिटर पाणी 15 डिग्रीवरून 45 वर न्यायला साधारण 2512 किलोज्यूल लागतात, 1500 वॅटला 28 मिनिटं आणि 918 ला 46. तुमची पन्नास मिनिटं बसली की नाही हिशोबात?

वायरमन_अमळनेर
भो, रॉडचं जाऊ दे, 212 चे 180 झाले, मधले 32 व्होल्ट कुठे जाताय ते बघ. 2.5 चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम वायर असेल तर दीडशे मीटर जाऊन-येऊन साडेतीन ओहमच्या आत बसते, म्हणजे 17 व्होल्ट. उरलेले 15 व्होल्ट गुणिले 5.1, पाऊणशे वॅट कुठल्यातरी एका जॉइंटवर जळताय. पंचवीस वॅटच्या तीन सोल्डरिंग आयर्न भिंतीत पेटवून ठेवल्यासारखं झालं ते. मेन बंद कर, टेस्टरने खात्री कर, आणि किटकॅट (चिनीमातीचा फ्यूज) बाहेर काढून बघ. आणि रॉड 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लाव, फुल व्होल्टेजला तो साडेसहा अँपिअर घेईल, छोट्या पिनेत नको.

केळीवाला_रावेर
काका पाया पडतो. किटकॅट काढली तर आतला पितळी पत्रा काळाठिक्कर, चिनीमातीला तडा, स्क्रू बोटानेच फिरत होता. रोज सकाळी तिथे जळका वास यायचा, आई म्हणायची चुलीचा असेल. नवीन बसवली. आता रॉड चालू असताना 194 व्होल्ट, 5.5 अँपिअर, म्हणजे 1067 वॅट ना? बादली 42 मिनिटांत.

चोपड्याचा_भाचा
मधेच घुसतो, सॉरी. व्होल्टेज कमी झाला की रॉडचा करंट कमी होतो म्हणता, मग आमच्या विहिरीवरची 5 एचपीची मोटर उलटी का वागते? 415 ला साडेसात अँपिअर घेते, 340 झाला की नऊच्या वर जाते.

वायरमन_अमळनेर
मोटर म्हणजे रॉडसारखी नुसती तापणारी कॉइल नाही भाचे, तिला व्होल्ट भागिले अँपिअर लावू नको. पाणी तेवढंच उचलायचंय म्हणून ती पॉवर जवळजवळ तेवढीच ओढते, व्होल्टेज उतरला तर करंट वाढवून. आणि थ्री फेजला नुसता गुणाकार चालत नाही, 1.732 आणि पॉवर फॅक्टर पण घ्यावा लागतो. साडेसातचे सव्वानऊ झाले तर वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, दीडपट. उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याकडे मोटरींची लाइन लागते ती याच्यामुळे. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) साडेसात-आठ अँपिअरवर सेट कर, ट्रिप मारतो म्हणून वर चढवून ठेवू नको. सगळे तेच करता.

केळीवाला_रावेर
आमच्या आबांनी पण तेच करून ठेवलंय 😐 आत्ताच जाऊन बघून आलो, रिले 11 वर.