सीआरपी वाढलंय, वजन पण. तेल बदलू की ओमेगा-३ घेऊ?

सावळागोंधळ: एचएस-सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) ५.८ आलंय, ३ च्या वर म्हणजे जास्त असं खाली छापलंय. डॉक्टर म्हणाले लठ्ठपणात अंगात बारीक इन्फ्लमेशन (आतली सूज, दाह) कायम चालू असतं, वजन उतरवा आणि फॅट्स बघून खा. बघून म्हणजे काय ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत. मासे खात नाही. महागडं काही नको प्लीज.

कट्टेकरी: फिश ऑइल घे, पण स्वस्तातलं अजिबात नको. मी सगळ्यात भारीतलं घेतो, गुडघे कुरकुरायचे थांबले.

भोचकभवानी: मासे खात नाही लिहिलंय त्यांनी, वाचता का काही? जवस घ्या, रोज चमचाभर, भाजून कुटून.

तिसरा_डोळा: जवसातलं ओमेगा-३ म्हणजे एएलए, शरीरात त्याचं ईपीए जेमतेम होतं आणि डीएचए नावापुरतं (माशांतली ओमेगा-३ म्हणजे हीच दोन). मासे नकोत तर शैवालाच्या तेलाच्या कॅप्सूल बघा, माशांना तरी ते शैवालातूनच मिळतं ना. आणि बाटलीवर पुढे १००० मिग्रॅ असतं ते नुसत्या तेलाचं, मागे बघा, साध्या फिश ऑइलमध्ये ईपीए-डीएचए मिळून ३०० च्या आसपासच निघतं.

कट्टेकरी: माझ्यात जास्त आहे. म्हणून तर महाग आहे.

घाण्याचंच: मूळ दुखणं रिफाइंड तेलं. ओमेगा-६ म्हणजेच इन्फ्लमेशन, विषय संपला. मी सगळं सोडून खोबरेलावर आलोय.

तिसरा_डोळा: ओमेगा-६ पासून ॲराकिडोनिक ॲसिड बनतं आणि त्यापासून सूज वाढवणारी काही द्रव्यं, हे खरं, त्यावरूनच ही ओरड सुरू झाली, पण माणसांवरच्या ट्रायल्समध्ये लिनोलेइक ॲसिड (तेलातलं मुख्य ओमेगा-६) वाढवलं म्हणून सीआरपी चढलं असं काही दिसलेलं नाही. उलट पामिटिकसारखं सॅच्युरेटेड फॅट प्रयोगशाळेत मॅक्रोफेजना (रोगप्रतिकारक पेशींना) चेतवतं, आणि लठ्ठपणात चरबीत त्याच मॅक्रोफेज गर्दी करून टीएनएफ-अल्फा हे सूज वाढवणारं द्रव्य सोडत बसतात, मग इन्सुलिन नीट लागू पडत नाही. तुमचं खोबरेल ८०-९० टक्के सॅच्युरेटेडच आहे.

घाण्याचंच: त्यात लॉरिक ॲसिड असतं, ते सॅच्युरेटेड असलं तरी वेगळं. तेल कंपनीत आहात का तुम्ही?

नाइट_ड्यूटी: चालू द्या तुमचं. सावळागोंधळ, टेस्टच्या वेळी सर्दी, दाढदुखी असलं काही होतं का? त्यानेही सीआरपी चढतं, बरं वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी परत करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा ठोके अनियमित असतील तर ओमेगा-३ विचारून घ्या, मोठ्या डोसने एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाचे ठोके बिघडण्याची) शक्यता वाढते. लेबलवर 'हायड्रोजनेटेड' दिसलं (ट्रान्स फॅट असू शकतं) की वस्तू परत रॅकवर. आणि पोट कमी झालं की सीआरपी जेवढं उतरतं तेवढं कुठल्या कॅप्सूलने उतरत नाही.

भोचकभवानी: जवसात फायबरपण असतं. पण माझं कोण ऐकतंय.

सावळागोंधळ: धन्यवाद सगळ्यांना. दाढ सुजली होती खरी. ओमेगा ३-६-९ ची बाटली मागवली, एकावर एक फ्री होती.

तिसरा_डोळा: अहो ६ आणि ९ रोजच्या तेलातून मिळतंच की, त्याचे वेगळे पैसे कशाला??

कट्टेकरी: फ्रीवाली बाटली देणार का कुणाला?